ओठावरचा जर आणि स्निग्ध लेप : उपयोग किती, मर्यादा कोठे

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांसोबत आरोग्यशिक्षणाचा एखादा लेख असावा, असा आपल्या न्यासाचा शिरस्ता आहे. हृदयविकार, मधुमेह, क्षय अशा मोठ्या विषयांना त्यात साहजिकच अग्रक्रम मिळतो. यंदा आम्ही हेतुपुरस्सर एक लहानसा विषय निवडला आहे. तापाने फणफणलेला रुग्ण बरा होऊ लागतो आणि त्याच सुमारास त्याच्या ओठाच्या कडेला पुळ्यांचा झुबका उठतो. नातेवाईक औषधालयाच्या खिडकीशी येऊन म्हणतात, "ओठाला लावायला काहीतरी द्या." हे 'काहीतरी' म्हणजे नेमके काय, ते केव्हा लावावे आणि त्याच्याकडून कोणती अपेक्षा ठेवू नये, एवढाच या लेखाचा विषय आहे. लेखणी आमची, म्हणजे वाणिज्य शाखेतून आलेल्या प्रशासकाची असली, तरी वैद्यकीय मजकूर रुग्णालयातील त्वचारोग व बालरोग विभागांच्या डॉक्टरांनी नजरेखालून घातला आहे.

या पुळ्यांना आपल्याकडे कोणी 'जर फुटला' म्हणतात, तर कोणी 'ताप ओठावर उतरला' असे म्हणतात. हा जर म्हणजे जर-तरमधला नव्हे, तर ज्वराचाच घरगुती उच्चार. तापानंतर पुळ्या उठतात हे आपल्या आजी-पणजींनी अचूक टिपले होते. मात्र अंगातली उष्णता त्या वाटेने बाहेर पडते, हा त्यांचा अर्थ बरोबर नव्हता. पुळ्यांचे मूळ हर्पीस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूत आहे. हर्पीस हा शब्द ग्रीक भाषेतील सरपटण्याच्या क्रियेवरून आला असून संस्कृतातील 'सर्प' हा त्याच धातुकुळातला शब्द आहे. याच विषाणूकुळातील दुसऱ्या एका विषाणूमुळे अंगावर उठणाऱ्या पट्ट्याला आपण 'नागीण' म्हणतो, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. नागीण आणि ओठावरचा जर हे मात्र दोन वेगळे विकार आहेत.

आणखी दोन गोष्टींशी याची गल्लत होते. गालाच्या आतल्या बाजूस किंवा जिभेच्या कडेला पांढरट, दुखरे व्रण होतात, त्याला आपण 'तोंड येणे' म्हणतो; ते संसर्गजन्य नसते. ओठांचे दोन्ही कोपरे लाल होऊन चिरतात, ते बहुधा बुरशीमुळे, सैल कवळीमुळे किंवा लोह व ब-जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे. जराची खूण निराळी आहे. तो बहुधा ओठाच्या बाहेरच्या कडेवर, एकाच बाजूला, द्राक्षाच्या घोसासारख्या बारीक पाणीदार पुळ्यांनी उठतो आणि पुन्हा आला तर बहुतेक वेळा त्याच जागी येतो.

त्याच जागी का, याचे उत्तर जाणण्यासारखे आहे. हा विषाणू शरीरात बहुतेकदा बालपणीच शिरतो, तोही एखाद्या मायेच्या माणसाने घेतलेल्या पाप्यातून. पहिला संसर्ग ओसरल्यावर तो शरीर सोडून जात नाही. चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूच्या पेशींत तो निद्रिस्त राहतो. ताप, कडक ऊन, जागरण, मानसिक ताण, मासिक पाळी, दातांवरील उपचार अथवा ओठाला झालेली इजा अशा एखाद्या निमित्ताने तो जागा होतो आणि ज्या तंतूने वर गेला त्याच तंतूने खाली उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 सालासाठीच्या अंदाजानुसार जगातील 50 वर्षांखालील सुमारे 380 कोटी लोकांच्या, म्हणजे 64 टक्क्यांच्या शरीरात या विषाणूचा पहिला प्रकार आहे. त्यांतील बहुतेकांना ते ठाऊकही नसते, कारण त्यांच्या ओठावर कधी काही उठतच नाही.

हा आकडा आम्ही येथे मुद्दाम दिला आहे. तपासणीच्या कागदावर 'हर्पीस' हा शब्द वाचून घरात संशयाचे वातावरण निर्माण होते, सुनेच्या किंवा जावयाच्या वर्तनाविषयी कुजबुज सुरू होते, असे प्रसंग समुपदेशकांपुढे येतात. ओठावरच्या जराचा चारित्र्याशी काहीही संबंध जोडू नये. ज्या आजीने कडेवर घेऊन लाड केले, तिच्याकडूनही तो आलेला असू शकतो, आणि त्यात आजीचाही दोष नाही.

जराचा मुक्काम साधारण सात ते दहा दिवसांचा असतो, क्वचित दोन आठवड्यांचा. प्रथम ओठाच्या एका ठिकाणी मुंग्या आल्यासारखे, चुरचुरल्यासारखे किंवा ताणल्यासारखे वाटते. ही अवस्था काही तासांची, फार तर एक-दोन दिवसांची. मग पुळ्या भरतात, फुटतात, ओलसर उथळ व्रण होतो आणि त्यावर पिवळसर तपकिरी खपली धरते. खपली पडून खालची त्वचा सलग झाली की मुक्काम संपला.

विषाणूवर थेट काम करणारे औषध म्हणजे ॲसायक्लोव्हिर आणि त्याच्या जातीची औषधे. अशा औषधांच्या संशोधनाची वाट घालून देणाऱ्या गर्ट्रूड एलियन यांना 1988 साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे औषध विषाणूची वाढ रोखते, परंतु मज्जातंतूत दडलेल्या विषाणूला हुसकावून लावीत नाही. त्याचे मलम चुरचुर सुरू होताच लावले तर आजाराचे दिवस थोडे कमी होतात. हा लाभ सरासरी अर्ध्या ते एका दिवसाचा आहे. खपली धरल्यानंतर आणलेल्या मलमाचा फायदा नाममात्र. पोटात घेण्याच्या गोळ्या अधिक परिणामकारक असतात, पण त्या डॉक्टरांनी ठरवून द्याव्या लागतात. सांगायचे तात्पर्य, मधल्या सात-आठ दिवसांची वेदना रुग्णाला बहुतांशी सोसावीच लागते, आणि स्निग्ध लेपाचे काम नेमके त्या दिवसांत आहे.

ओठांची त्वचा अतिशय पातळ असते. शरीराच्या इतर त्वचेला ओलावा देणाऱ्या घामाच्या व तेलाच्या ग्रंथी ओठांवर जवळजवळ नसतात. त्यात ओठ दिवसभर हलत राहतात. बोलणे, खाणे, जांभई, हसणे, प्रत्येक वेळी खपली ताणली जाते. कोरडी खपली ताणली की तडकते, तडकली की रक्त येते, आणि व्रण पुन्हा उघडा पडून भरण्याची क्रिया लांबते. उघड्या भेगेतून जिवाणूंचा शिरकाव होऊन पू धरू शकतो. कोरडेपणा जाणवला की माणूस जीभ फिरवतो. थुंकीचा ओलावा क्षणभर टिकतो, उडून जाताना ओठांतले उरलेसुरले पाणीही घेऊन जातो. स्निग्ध लेपाचा पातळ थर ही साखळी मध्येच तोडतो. खपली लवचिक राहते, तडकत नाही, वेदना कमी होते. विषाणू मरतो असे मात्र नाही. पेट्रोलियम जेलीने जर 'बरा होतो' असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नये. तो बरा होत असताना होणारा त्रास जेली कमी करते.

जखम कोरडी ठेवली म्हणजे लवकर भरते, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. जखमेवर हळद दाबणे, राख लावणे, उघडी ठेवून 'वारा देणे' हे सारे त्यातूनच आले. 1962 साली डॉ. जॉर्ज विंटर यांनी 'नेचर' या नियतकालिकात डुकरांच्या त्वचेवरील उथळ जखमांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पातळ आवरणाखाली ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या, कोरड्या जखमांच्या मानाने सुमारे दुप्पट वेगाने आली. आधुनिक मलमपट्टीचे शास्त्र बऱ्याच अंशी या निरीक्षणावर उभे आहे. तो अभ्यास ओठावरच्या जराचा नव्हता. म्हणून त्यातून ओठाबाबत तेवढ्याच वेगाचे आश्वासन काढता येणार नाही. पण खपली वाळवून कडक करण्यात शहाणपण नाही, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

ओठाविषयीच एक अभ्यास न्यूझीलंडमध्ये झाला आणि तो 2019 साली प्रसिद्ध झाला. औषधांच्या दुकानांत आलेल्या 952 प्रौढ व्यक्तींपैकी काहींना ॲसायक्लोव्हिरचे मलम, तर काहींना तेथील कानुका झाडाच्या फुलोऱ्यातील मधाचे मलम देण्यात आले. त्वचा पूर्ववत होण्यास पहिल्या गटात साधारण आठ, तर दुसऱ्या गटात साधारण नऊ दिवस लागले; शास्त्रीय दृष्ट्या हा फरक ग्राह्य नव्हता. हिशेब तपासण्याची सवय असलेल्या आमच्यासारख्याला यातील एक बारकावा महत्त्वाचा वाटला. त्या मलमात नव्वद टक्के मध आणि दहा टक्के ग्लिसरीन होते, आणि ग्लिसरीन हा तर ओलावा धरून ठेवणारा जुनाजाणता पदार्थ आहे. मात्र तो मध वैद्यकीय वापरासाठी शुद्ध केलेला होता. बाजारातील बाटलीतला मध ओल्या व्रणाला लावण्याचा परवाना म्हणून हा अभ्यास वाचू नये. एक वर्षाखालील बालकाच्या तर ओठालाही मध लावू नये. मधातील जंतुबीजांमुळे त्या वयात घातक विषबाधा होऊ शकते.

लेपांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. काही पदार्थ पाणी धरून ठेवतात, जसे ग्लिसरीन. काही पदार्थ वरून झाकण घालून पाणी उडू देत नाहीत. पेट्रोलियम जेली, मेण, तूप हे या वर्गातले. कोरड्या हवेत नुसते ग्लिसरीन लावले तर ते त्वचेतलेच पाणी ओढते, म्हणून त्यावर झाकण घालणारा पदार्थ हवा. पेट्रोलियम जेलीचे एकस्व रॉबर्ट चेसब्रो यांनी अमेरिकेत 1872 साली घेतले. खनिज तेलाच्या विहिरींवरील यंत्रांना चिकटणारा मेणचट थर तेथील कामगार कापल्या-भाजल्यावर लावीत, त्या निरीक्षणातून ही जेली निघाली. तिला वास नाही, ती सहसा कोणाला बाधत नाही, आणि स्वस्त आहे. कोकण-गोव्यात कोकमाच्या बियांपासून निघणारे भिरंडेल भेगाळलेल्या ओठांना व टाचांना लावण्याची जुनी रीत आहे. थंड हवेत घट्ट राहणारे आणि अंगाच्या उष्णतेने वितळणारे हे तेल झाकणाचे काम उत्तम करते. फुटलेल्या ओठांना साजूक तूप लावण्याची चालही त्याच तत्त्वाची. निव्वळ कोरड्या ओठांसाठी आम्ही तिन्हींत उजवे-डावे करणार नाही. उघड्या व्रणासाठी मात्र बंद डबीतील स्वच्छ, बिनवासाची जेली अधिक सुरक्षित. घरच्या तुपाच्या भांड्यात किती हात आणि चमचे फिरून गेलेले असतात, हे गृहिणीस सांगायला नको. ओठ गार वाटावेत म्हणून कापूर, पुदिन्याचे सत्त्व किंवा दालचिनीचे तेल घातलेले लेप या काळात टाळावेत. पहिल्या क्षणी बरे वाटते, नंतर चुरचुर वाढते.

लावण्याची रीत ही लेपाइतकीच महत्त्वाची आहे, कारण पुळ्यांतील पाण्यात विषाणू खच्चून भरलेले असतात. हात साबणाने धुवावेत. जेली बोटाने न काढता कापसाच्या काडीने काढावी आणि एकदा ओठाला लागलेली काडी पुन्हा डबीत बुडवू नये. विषाणूविरोधी मलम चालू असेल तर ते आधी लावावे, ते जिरू द्यावे, मगच त्यावर स्निग्ध थर द्यावा. उलट क्रमाने लावल्यास औषध त्वचेपर्यंत पोहोचणार नाही. थर पातळ हवा. पुळ्या भरलेल्या असताना सभोवतालच्या कोरड्या त्वचेपुरता लावला तरी चालतो; खरा उपयोग खपली धरल्यापासून. जेवणानंतर, बाहेर पडण्यापूर्वी आणि रात्री झोपताना लावावा, शिवाय खपली ताणल्यासारखी वाटेल तेव्हा. नंतर पुन्हा हात धुवावेत. ओठावर सरळ फिरवायची कांडी वापरली असेल तर ती दुसऱ्या कोणालाही देऊ नये आणि जर बरा झाल्यावर टाकून द्यावी. घरात एकच डबी सर्वांनी वापरण्याची आपली काटकसरीची सवय एरवी कौतुकास्पद असली, तरी येथे ती महाग पडते. पेला, चमचा, टॉवेल, लिपस्टिक यांनाही हाच नियम.

दुखणे फार असेल तर गार पाण्यात भिजवून पिळलेले स्वच्छ फडके पाच-दहा मिनिटे ठेवल्याने आराम पडतो. लिंबू, लोणचे, ठेचा, फार खारट पदार्थ काही दिवस दूर ठेवावेत. खपली नखाने काढू नये.

काही उपायांविषयी मात्र आम्हांला स्पष्ट शब्दांत लिहिले पाहिजे. चुना आणि दातांची पेस्ट यांनी पुळी 'सुकते' हे खरे, पण चुन्याने त्वचा भाजते आणि पेस्टने ती चिघळते. डाग मागे राहतो तो वेगळाच. त्याहून घातक म्हणजे खाज, डाग, नायटा या सर्वांवर चालते म्हणून घरात पडून असलेली मिश्र मलमाची नळी. तिच्यात बहुधा स्टिरॉइड असते. विषाणूवरील औषधाविना नुसते स्टिरॉइड लावल्यास त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि विषाणूला मोकळे रान मिळते. 2018 साली केंद्र सरकारने त्वचेला लावायची अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. शेजाऱ्याने दिलेल्या अर्ध्या नळीला मात्र कोणताच कायदा अडवू शकत नाही.

ज्यांना उन्हामुळे वारंवार जर उठतो, त्यांच्यासाठी एक निराळी सूचना. 1991 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पूर्वी जराचा त्रास झालेल्या 38 व्यक्तींच्या ओठांवर अतिनील किरण सोडण्यात आले. साधा लेप लावला असता त्यांतील 27 जणांना जर उठला. सूर्यकिरणरोधक लेप लावला असता एकालाही नाही. प्रयोगशाळेतील दिवा आणि शेतातील ऊन यांत अंतर आहे, हे मान्य. तरीही उन्हात काम करणाऱ्याने किरणरोधक घटक असलेला ओठांचा लेप वापरणे हिताचे. साध्या जेलीत वा तुपात हा गुण नाही. असा लेप ज्यांना परवडत नाही, त्यांना सावलीचा आधार घ्यावा लागतो. आपल्या गांधी टोपीला आणि फेट्याला पुढे काठ नसल्याने ओठांवर सावली पडतच नाही. ऊसतोडीवरच्या बायका पदर ओढून नाकातोंडावर घेतात, तो उपाय कितीतरी सरस आहे.

आता ज्यासाठी हा लेख अखेरपर्यंत वाचावा अशी आमची विनंती आहे, तो भाग. मोठ्यांच्या ओठावरील किरकोळ पुळी नवजात बालकाच्या जिवावर बेतू शकते. पहिल्या काही आठवड्यांत बाळाची प्रतिकारशक्ती अगदी अपुरी असते, आणि हाच विषाणू त्याच्या यकृतात व मेंदूत पसरू शकतो. बारशाला आलेल्या प्रत्येकाने बाळाचा पापा घेण्याची आपल्याकडे रीत आहे. ओठावर जर असलेल्याने बाळाला पाहावे, आहेर द्यावा, आशीर्वाद द्यावा. पापा घेऊ नये. ओठावर जेलीचा थर आहे म्हणून संसर्ग अडेल, हा भ्रम आहे. आईलाच जर उठला असेल तर तिने तोंडावर मास्क लावून, हात धुऊन बाळाला खुशाल पाजावे. स्तनावर पुळ्या नसतील तर दूध तोडण्याचे कारण नाही. बाळ महिन्याच्या आतले असून त्याला ताप आला, ते दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले किंवा अंगावर पुळ्या दिसल्या, तर रात्र असली तरी थांबू नये.

थोड्या मोठ्या मुलांत पहिला संसर्ग कधीकधी जोराचा होतो. हिरड्या सुजतात, ताप येतो, लाळ गळते, मूल पाणीही पीत नाही. लाळेने सोलवटणाऱ्या हनुवटीला जेलीचा थर संरक्षण देतो, पण अशा मुलाला खरी गरज पाण्याची असते. सहा-आठ तास लघवी झाली नाही तर त्यास रुग्णालयात आणावे.

डोळा लाल होऊन दुखणे, उजेड सहन न होणे. इसब असलेल्या व्यक्तीच्या अंगावर पुळ्या झपाट्याने पसरणे. कर्करोगाचे उपचार, अवयवरोपण वा एचआयव्ही यांमुळे प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यास जर उठणे. या परिस्थितींत लेप लावीत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. डोळ्यातील संसर्गाने दृष्टी जाऊ शकते. आणि तंबाखू, गुटखा किंवा मिश्रीची सवय असलेल्याच्या ओठावरील व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, तर तो जर आहे असे समजून वाट पाहू नये. ओठाच्या कर्करोगाची सुरुवात अशा न दुखणाऱ्या, न भरणाऱ्या व्रणानेही होते, आणि त्या टप्प्यावर तो हाती लागला तर पुष्कळ काही करता येते.

शेवटी कक्षांत थांबणाऱ्या नातेवाईकांसाठी. ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णाचे ओठ कोरडे पडतात, ते पाहून घरची मंडळी मायेने जेलीची डबी किंवा तुपाची वाटी आणतात. ऑक्सिजनच्या सान्निध्यात तेलकट पदार्थ चटकन पेट घेऊ शकतात, त्यामुळे अशा रुग्णाच्या ओठांना व नाकपुड्यांना पेट्रोलियम जेली, तूप वा तेल लावू नये. त्यांच्यासाठी पाण्यात विरघळणारी जेली वापरली जाते. ती कक्षातील परिचारिकेकडे मागावी आणि लावण्यापूर्वी तिला विचारावे.